संगीत नाटक: मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर अमळनेर, सासर जळगाव, नोकरी बँकेत. काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत, हिवाळ्यात शेतावरच्या भरीत पार्टीत, कुठेही विषय निघाला की लोक संगीत नाटकाबद्दल तेच ते प्रश्न विचारतात आणि मीही दर वेळी तितक्याच हौसेनं उत्तरं देते. ती उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय. मतं माझी आहेत. पटली नाहीत तर भांडायला या, चहा देईन.

संगीत नाटक म्हणजे काय? गाणी असलेलं कुठलंही नाटक?

नाही. माझी एक सोपी कसोटी आहे. पद, म्हणजे नाटकातलं गाणं, गाळून पाहायचं. गोष्ट होती तशीच पुढे गेली आणि पात्राच्या मनातलंही काही कळायचं राहिलं नाही, तर ते नुसतं गाणी असलेलं नाटक. पण पद गाळल्यावर ते पात्र अर्धवट वाटू लागलं, तर ते संगीत नाटक.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हाही गाणं होतंच. पण गायचा तो सूत्रधार. पात्रं आपापलं बोलायची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ आणलं आणि गाणं थेट पात्राच्या तोंडी दिलं. माझ्या मते मराठी संगीत नाटकातली सर्वांत मोठी घटना हीच. शकुंतलेचं दुःख आता दुसरं कुणी सांगणार नव्हतं, ती स्वतःच गाणार होती. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी याच एका गोष्टीकडे परत परत येणार आहे. पद कोण गातंय? पात्र, की गवई?

आयुष्यात एकही संगीत नाटक पाहिलेलं नाही. सुरुवात कशानं करू?

‘संशयकल्लोळ’. दुसरा विचारच नको.

लोक भक्तिभावानं ‘सौभद्र’ सुचवतात. ‘सौभद्र’ माझंही लाडकं आहे, पण मूळ संहितेत शंभराच्या वर पदं आहेत. आता कापून करतात, तरी ज्याचा कान तयार नाही तो दुसऱ्या अंकात घड्याळ बघतो. ‘संशयकल्लोळ’मध्ये मात्र गोविंद बल्लाळ देवलांनी प्रेक्षकाला श्वास घ्यायला फुरसतच ठेवलेली नाही. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं त्याच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेस पडतं. तिथेच पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, ती कौतुकानं बघत बसते, ते फाल्गुनरावाच्या नजरेस पडतं. झालं! दोघांच्याही डोक्यात किडा शिरला. मूळ फ्रेंच नाटककार मोलियरच्या फार्सात आहे, पण मराठीत ते इतकं मुरलंय की परकं म्हणवत नाही. नावंसुद्धा बघा, पुरुषांना महिन्यांची, बायकांना नक्षत्रांची. घरात पंचांग असतं त्याला ती लगेच आपली वाटतात.

आधी हेच नाटक गद्य होतं. १९१६ साली बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीसाठी देवलांनी त्यात पदं घातली. गंमत अशी की संशयानं पेटलेला फाल्गुनराव बोलत सुटतो आणि प्रेमात पडलेला अश्विनशेठ गातो. कुणी गायचं आणि कुणी नुसतं बोलायचं, हे देवलांना नेमकं ठाऊक होतं.

जुनी भाषा कळते का?

कळते. पहिली दहा मिनिटं अवघड जातात, मग कान रुळतो. नांदी, म्हणजे सुरुवातीचं स्तवन, सुरू झाल्यावर शब्द शोधत बसू नका, सूर अंगावर येऊ द्या.

बालगंधर्व एवढे मोठे का मानतात? रेकॉर्ड ऐकली, काही विशेष वाटलं नाही.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, बहुतेक तरुणांकडून, आणि तो प्रामाणिक असतो. म्हणून उत्तर सविस्तर देते.

त्या जुन्या तबकड्यांवर जेमतेम तीन मिनिटं मावत. रंगमंचावर जे पद रंगून पाव तास चालायचं, ते तिथे कोंबून बसवलेलं आहे. त्यात खरखर. तेव्हा आधी आवाजाचा नाद सोडा आणि शब्दांकडे कान द्या. ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ घ्या. भास्करबुवा बखल्यांची चाल, स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांनी गायलेलं रुक्मिणीचं पद. एक ओळ ते पुन्हा पुन्हा घेतात, पण ती एकदाही मागच्यासारखी येत नाही. एकदा लाजून येते, एकदा अभिमानानं, एकदा जणू स्वतःलाच पटवून देतेय अशी. तान येते तीही शब्दाला धक्का न लावता. आज चांगले चांगले गवई तेच पद गातात तेव्हा तान उठून दिसते आणि रुक्मिणी मागे राहते. फरक समजायला पाच-सहा वेळा ऐकावं लागतं. मलाही लागलं.

जळगावकरांनी तर एवढे कष्ट घ्यायलाच हवेत. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, लहानपणी नातेवाइकांकडे जळगावात राहिले होते आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी इथे मेहबूब खान यांच्याकडे घेतले. आपल्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे, जानेवारीत त्यांच्या नावानं संगीत महोत्सव भरतो, तो यामुळेच. रोज त्या बाजूनं जाणाऱ्या कितीतरी माणसांना हे नाव इथे कसं आलं ते माहीत नसतं. मी प्रत्येकाला सांगते.

एक गोष्ट मात्र मला टोचते. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांचं मूल गेलं आणि तरीही ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकिगत आपण कलानिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतो, टाळ्या घेतो. मला ती ऐकून अभिमान वाटत नाही, पोटात तुटतं. त्या दिवशी प्रयोग रद्द झाला असता तरी बालगंधर्व तेवढेच मोठे राहिले असते.

बालगंधर्व, केशवराव भोसले आणि दीनानाथ मंगेशकर यांत श्रेष्ठ कोण?

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं. केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर! पुढे तीन महिन्यांत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले. मला कुणी काळात मागे जाऊन एकच प्रयोग बघायची संधी दिली, तर मी तो मागेन.

पण मन कुणाकडे ओढ घेतं म्हणाल तर दीनानाथांकडे. बालगंधर्वांच्या गाण्यात सगळं कसं गोलाईनं येतं, पुढची जागा कुठे लागणार याचा सुगावा लागतो. दीनानाथांचं गाणं विजेसारखं, कुठून कुठे जाईल नेम नाही. ‘मानापमान’मधला धैर्यधर त्यांनी स्वतःच्या ढंगानं गायला आणि तो शिपाईगडी वाटतो, पेटीसमोर मांडी घालून बसलेला गवई वाटत नाही.

आणि आपला एक हक्क आहे त्यांच्यावर. दीनानाथांची सासुरवाडी थाळनेरची, शिरपूर तालुक्यातली, तापीकाठची. तिथल्या लाड घराण्यातल्या दोन बहिणी त्यांना दिल्या. पहिली नर्मदा लवकर गेली, मग तिची बहीण शेवंती. म्हणजे लताबाईंचं आजोळ खान्देश. थाळनेरला गेलात तर नदीच्या काठावर थोडा वेळ नुसते बसा.

पुरुषांनी बायकांची कामं करणं आज विचित्र नाही वाटत?

त्या काळाची ती गरज होती आणि त्यातून थोर नट निघाले. पण बायका रंगमंचावर आल्या तेव्हा संगीत नाटक संपलं, असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं कधीच पटणार नाही. हिराबाई बडोदेकर, ‘कुलवधू’तल्या ज्योत्स्ना भोळे, पुढे जयमाला शिलेदार. जयमालाबाई आणि जयराम शिलेदारांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ काढली आणि पडत्या काळात गावोगाव संगीत नाटक जिवंत ठेवलं. त्यांच्या लेकीनं, कीर्ती शिलेदारांनी, शेवटपर्यंत तोच वसा चालवला. २०१८ साली त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष होत्या, २०२२ मध्ये गेल्या. बाईचा आवाज, बाईचं दुःख आणि बाईचा हट्ट पदात आला तो या सगळ्यांमुळे. ‘एकच प्याला’तली सिंधू मला बाईनं केलेलीच बघायची असते.

‘कट्यार काळजात घुसली’: नाटक की सिनेमा?

सिनेमानं माझ्या भाच्याला शास्त्रीय गाणं ऐकायला लावलं. २०१५ साली तो आठवीत होता, थिएटरमधून बाहेर पडून थेट हार्मोनियम मागितली त्यानं. तेव्हा सिनेमाला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

तरीही नाटक. कारण तेच, पात्र की गवई? सिनेमात खाँसाहेब दिसतात सचिन पिळगावकर आणि गातात राहुल देशपांडे. सदाशिव दिसतो सुबोध भावे, गातात महेश काळे. गाणी उत्तमच आहेत. पण देह एकाचा, गळा दुसऱ्याचा. २४ डिसेंबर १९६७ ला नाटक आलं तेव्हा वसंतराव देशपांडे स्वतः खाँसाहेब आफताब हुसेन होते. संवादातली घुसमट ज्या छातीत साचली, त्याच छातीतून तान निघत होती. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेला तो अहंकारी, जळणारा, तरी सुरापुढे नमणारा माणूस वसंतरावांनी गाण्यातूनच उभा केला. वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरचा हा गडी, गळा कुठल्याच एका घराण्यात न मावणारा. जितेंद्र अभिषेकींनी चाली करताना ते ओळखलं होतं. तिथे दोन घराणी भांडतात ती वाक्यांतून कमी, सुरांतून जास्त. म्हणून ‘कट्यार’मधलं एकही पद काढता येत नाही. माझ्या कसोटीला सर्वांत पक्कं उतरणारं नाटक हेच.

पुढे राहुल देशपांड्यांनी आजोबांची, वसंतरावांची, भूमिका रंगमंचावर केली. मी ती पाहायला नाशिकला गेले, रात्रीच्या गाडीनं परत आले आणि सकाळी दहाला काउंटरवर होते. अजून तो दिवस आठवला की झोप उडते.

अभिषेकींनी संगीत नाटक बिघडवलं की वाचवलं?

वाचवलं. ‘मत्स्यगंधा’ १९६४ चं. पद आटोपशीर झालं, भावगीताच्या जवळ आलं, आणि प्रेक्षक परत आला. जुन्या लोकांना ते रुचलं नाही, पण आशालता वाबगावकरांचं ‘गर्द सभोवती रान साजणी’ ऐका आणि सांगा, सत्यवती दिसते की नाही?

‘वन्स मोअर’ द्यावा का?

मनापासून आला तर द्या. पण ‘एकच प्याला’त सिंधू रडत असताना, तिचा दारुडा नवरा सुधाकर दारात उभा असताना ओरडू नका. पात्राला त्या घरातून ओढून काढून मैफलीत बसवल्यासारखं होतं ते.

साथ प्रत्यक्ष हवी की ट्रॅक चालतो?

प्रत्यक्षच हवी. इथे मी तडजोड करत नाही.

एकदा आम्ही चौघी मैत्रिणी लांबच्या गावी एका प्रयोगाला गेलो. जाहिरातीत ऑर्गन, तबला सगळं लिहिलेलं. पडदा वर गेला आणि पद ध्वनिमुद्रित साथीवर सुरू झालं. नटीला एका जागी थांबावंसं वाटत होतं, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, पण ट्रॅक थांबत नाही ना! ती धावत धावत त्याच्या मागे गात राहिली. पैसे गेल्याचं दुःख नव्हतं, तिच्यासाठी जीव तुटत होता.

याच्या उलट प्रसंग चोपड्याकडच्या एका गावचा. पटांगणात ‘सौभद्र’, हौशी मंडळींचं. मी अगदी पुढे, ऑर्गनच्या हातभर अंतरावर. दुसऱ्या अंकात वीज गेली. माइक बंद, दिवे बंद. कुणीतरी ट्रॅक्टर वळवून त्याचा हेडलाइट रंगमंचावर टाकला. सुभद्रा करणारी मुलगी क्षणभर गोंधळली, मग चार पावलं पुढे आली, अगदी कडेला. ऑर्गनवाल्या काकांनी चप्पल काढून बाजूला सरकवली आणि अनवाणी पायानं भाता मारायला लागले, एवढ्या हलक्या हातानं की पट्टीचा खट् आवाजही ऐकू यावा. तिनं पद धरलं. श्वास घेताना तिचे खांदे वर जाताना दिसत होते. शेवटच्या रांगेतली पोरंसुद्धा चूप. भात्याचा सुस्कारा आणि तिचा श्वास एका वेळी होत होता. हे कुठलाही ट्रॅक देऊ शकत नाही.

गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असत. साथीला मालक किती मान देत होते याचा यावरून अंदाज करा.

तमाशाला संगीत नाटक म्हणायचं का?

हो, आणि हे म्हटल्यावर काही जणांच्या कपाळाला आठ्या पडतात याचं मला वाईट वाटतं. गण, गौळण, बतावणी, वग. पात्रंच गातात, पात्रंच बोलतात. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत घोड्यांच्या बाजाराएवढीच गर्दी तमाशाच्या तंबूला असते. आपल्याकडचं वहीगायन हे लोकगायन आहे, कानबाई देवीची गाणी आहेत. खान्देशी माणसाचा कान या सगळ्यावर पोसला आहे. म्हणून ‘आमच्या भागात संगीत नाटकाची परंपरा नाही’ हे वाक्य मी कुणालाच पूर्ण करू देत नाही.

माझी अमळनेरची आजी शाळेत गेली नव्हती. बोरीकाठच्या यात्रेत तमाशा बघायची आणि रेडिओवर नाट्यसंगीतही त्याच तन्मयतेनं ऐकायची. राग बिग तिला कळत नव्हता. म्हणायची, “गाणं आयकीसन रडू उनं, मंग ते खरं.” म्हणजे गाणं ऐकून रडू आलं, मग ते खरं. मी वाचलेल्या कितीतरी परीक्षणांपेक्षा हे मला जास्त उपयोगी पडलं आहे.

मग खान्देशात प्रयोग इतके कमी का?

हिशेब मांडा. साध्या नाटकाला पाच-सहा नट पुरतात. संगीत नाटकाला त्यात गाणारे नट हवेत, साथीदार हवेत, ऑर्गन नीट बांधून आणायचा, भरजरी पोशाखांच्या पेट्या. पूर्वी मंडळ्या गावात महिना महिना तळ ठोकत, एका खर्चात अनेक खेळ होत. आता एका रात्रीसाठी पुण्या-मुंबईहून बस यायची, राहायची सोय, नाट्यगृहाचं भाडं, आणि तिकीट वाढवलं की लोक म्हणतात टीव्हीवर बघू. त्यात एप्रिल-मे तर इथे दिवस मोजायचेच नाहीत, पंचेचाळीस अंशांत कोण घराबाहेर पडणार?

बोलपट आले तेव्हाच पहिला दणका बसला होता. १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’ आला आणि तीन वर्षांत खुद्द बालगंधर्व ‘धर्मात्मा’साठी कॅमेऱ्यासमोर गेले. तरी रत्नागिरीत खल्वायन, गोव्यातल्या हौशी संस्था नवी नवी नाटकं बसवतात, राज्य संगीत नाट्य स्पर्धेत उतरतात. मग जळगाव, धुळे, नंदुरबार का नाही? आपल्याकडे गाणारी मुलं भरपूर आहेत. संगीत विशारद झालेल्या मुलीला आपण स्पर्धेत भावगीत गायला लावतो, नाटकात उभं करत नाही. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, तिला एकदा सुभद्रा करू द्या.

‘शारदा’ नाटकावरूनच शारदा कायदा झाला ना?

नाही. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं. देवलांचं नाटक १८९९ चं. नावं जुळली एवढंच. पण म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीच्या बाजूनं त्या नाटकानं तीस वर्षं आधी लोकांचं मन हलवलं, हे श्रेय त्याचंच.

आजचं कुठलं संगीत नाटक आवडतं?

‘संगीत देवबाभळी’. प्राजक्त देशमुखांचं, आपल्या शेजारच्या नाशिकचं. रंगमंचावर फक्त दोन बायका, तुकारामांची आवली आणि लखुबाई होऊन आलेली रखुमाई. एकीच्या पायात काटा, दुसरीच्या मनात. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी अभिनय करता करता गातात, पाणी ओतता ओतता गातात, भांडता भांडता गातात. बोलणं कुठे संपलं आणि अभंग कुठे सुरू झाला ते दोनदा पाहूनही मला पकडता आलं नाही. १८८० साली किर्लोस्करांनी जे केलं ते इथे मला ताजं दिसलं.

मुलांना नेऊ का?

न्या. आठ वर्षांच्या पुढे. गोष्ट आधी घरी सांगा.

नाट्यगृहात कुठे बसावं?

पहिल्या चार रांगांत, ज्या बाजूला ऑर्गन असेल त्या बाजूला. तिकीट काढताना खुशाल विचारा, सांगतात. तिसऱ्या घंटेच्या आधी जाऊन बसा, फोन बंद करा. पद सुरू होण्याआधी ऑर्गनवाला नटाकडे बघतो, नट त्याच्याकडे बघत नाही, तरी दोघांना एकाच क्षणी कळतं. ते चुकवू नका.